पोंक्ष्यांच्या बाल्कनीतलं पिवळं

विलास पोंक्ष्यांना त्या वर्षात भेटेल त्या माणसानं एकच सल्ला दिला. सोडून द्या, विलासराव. नोकरी गेली तेव्हा म्हणाले, सोडून द्या, जगभर हेच चाललंय. गाडी विकावी लागली तेव्हा म्हणाले, सोडून द्या, नाहीतरी पार्किंग कुठे मिळत होतं. पुढे शारजात एका छोट्या कंत्राटदाराकडे अर्ध्या पगारावर एस्टिमेशनचं काम मिळालं, तेव्हा तर मेव्हण्यानं पुण्याहून खास फोन केला, की आता दुबईच सोडून द्या, इकडे या, बघू काहीतरी. हे 'बघू काहीतरी' म्हणजे काय, ते मेव्हण्याला ओळखणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. विलासरावांनी फोन ठेवला आणि बायकोला सांगितलं, "वीणा, आपण जाणार नाही. कोण काय म्हणायचं ते म्हणू दे."

आता एवढा बाणेदार माणूस पुढे कशावरून हटून बसला असेल? पगारावरून? घरभाड्यावरून? छे! एका झाडावरून. आणि झाड तरी केवढं, कमरेएवढंसुद्धा नाही. त्याचं नाव त्यांना माहीत नव्हतं, ते कुणी लावलं हे माहीत नव्हतं, आणि ते फुलेपर्यंत त्यांनी त्याच्याकडे धड बघितलंही नव्हतं. माणसानं अडून बसायला विषय तरी जरा भारदस्त निवडावा. पण ज्याचं सगळं मोठं मोठं काढून नेलंय, तो लहान गोष्टीला घट्ट धरतो, त्याला काय करणार?

अल मनखूलमधली जुनी बिल्डिंग, तिसरा मजला, आणि दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्यानं आत जावं अशी बाल्कनी. तिथे तुळशीची एक मोठी कुंडी. दुबईतली तुळस ऑक्टोबरात येते, थंडीभर डोलते आणि जून लागला की वैकुंठाला जाते. मग पुढची तुळस येईपर्यंत कुंडी रिकामी. रिकामी म्हणजे झाडापुरती रिकामी, कारण वीणाताई देवाचं निर्माल्य बारा महिने त्यातच पुरत. करणार काय? इथे नदी नाही. खाडीत टाकायला जावं तर दंडाची भीती. आणि बिल्डिंगच्या कचऱ्याच्या नळकांड्यातून, डायपर आणि कोंबडीची हाडं ज्या वाटेनं जातात त्याच वाटेनं फुलं ढकलायची? वीणाताईंच्या हातून ते ह्या जन्मी होणार नव्हतं. कुंडी होती नेमकी एसीच्या पाइपाखाली. पाइपातून उन्हाळाभर थेंब थेंब गार पाणी टपकायचं. दुबईत एसीचं पाणी जिथे पडतं तिथे काय उगवेल ह्याचा नेम नाही.

तर त्या कुंडीत काहीतरी उगवलं. ऑगस्टात हातभर झालं. ऑक्टोबरात वीणाताईंनी तुळस आणली ती बिचारी दुसऱ्या छोट्या कुंडीत गेली, कारण "उगवलेलं उपटायचं कसं?" आणि नोव्हेंबरात एका सकाळी ते फुललं. बारीक बारीक पिवळी फुलं, दांडीभर, प्रत्येक पानाच्या काखेत एकेक झुबका. विलासराव चहाचा कप घेऊन बाल्कनीत आले आणि तिथेच उभे राहिले. शारजाची बस चुकली तरी उभे राहिले. फेब्रुवारीत नोकरी गेल्यापासून त्यांच्या घरात चांगली म्हणावी अशी घडलेली ही पहिली गोष्ट होती.

संध्याकाळी बिल्डिंगचा नातूर दारात. नातूर म्हणजे इथला वॉचमन. हमदुल्ला नावाचा हा उंचापुरा पठाण वाईट बातमी सांगताना नेहमी आधी छातीवर हात ठेवी. आज त्यानं दोन्ही हात ठेवले.

"साब, ऑफिस बोला, झाड निकालो. अगले गुरुवार तक."

"का? म्हणजे, क्यूं?"

"कंप्लेंट आया. शक वाला झाड है बोला."

संशयवालं झाड! विलासराव ताडकन उठले. तक्रार कुणाची, हे विचारायची गरजच नव्हती. त्या बाल्कनीला लागून एकच बाल्कनी होती, मध्ये छातीएवढी भिंत, आणि भिंतीपलीकडे राहत होता उपेंद्र धारप.

ह्या उपेंद्राबद्दल दोन शब्द सांगितलेच पाहिजेत. तो विलासरावांच्या जुन्या कंपनीत एचआरमध्ये. वयानं दहा वर्षांनी लहान, शेजार दहा वर्षांचा, आणि त्याच्या मुंजीचे लाडू सोडले तर त्याच्या घरचं सगळं पोंक्ष्यांनी खाल्लेलं. फेब्रुवारीत विलासरावांना केबिनमध्ये बोलावून, "विलासराव, युअर काँट्रिब्यूशन विल ऑलवेज बी व्हॅल्यूड," असं मराठी माणसाला मराठी माणसानं इंग्रजीत सांगितलं ते ह्यानंच, आणि मग सगळ्यांसमोर टाळ्यांच्या गजरात हातात बुके ठेवला तोही ह्यानंच. विलासरावांनी तो बुके घरी आणून वीणाताईंच्या हातात दिला, "फेकून दे" म्हणाले आणि उपेंद्राशी बोलणं टाकलं. तेव्हापासून ही दोन माणसं लिफ्टमध्ये एकमेकांना भेटली, की लिफ्टमधल्या नोटिसा वाचत.

आणि आता हा माणूस झाडसुद्धा ठेवू देईना!

दुसऱ्या दिवशी विलासराव खालच्या ऑफिसात गेले. बिल्डिंग सांभाळणाऱ्या रिअल इस्टेटवाल्यांचं ते ऑफिस, आणि तिथे मरियमबी. हैदराबादच्या ह्या बाई गेली वीस वर्षं त्या खुर्चीत बसून भाडेकरूंना दटावत होत्या, आणि दटावून झाल्यावर चहा पाजत होत्या.

"अजी पोंक्षे साहब, झाड का नाम क्या है?"

"नाव... मालूम नहीं."

मरियमबींनी चष्मा काढला. "नाम नहीं मालूम, खानदान नहीं मालूम, और घर में रख लिए? कल को कोई पूछा तो हम क्या बोलना? आपके पड़ोसी ईमेल डाले. सस्पिशस बोलके लिखे. आप तो जानते, यहां झाड-पत्ते का मामला कित्ता नाजुक है."

हे मात्र खरं होतं. आपल्याकडे वाण्याच्या दुकानात मिळणारी खसखस इथे आणणं म्हणजे तुरुंगाची हवा. म्हणून तर दुबईतल्या मराठी बायका गेली कित्येक वर्षं अनारसे तिळावर थापतात आणि जाळी पडली नाही की सरकारला बोल लावतात. अशा ठिकाणी बाल्कनीत बिननावाचं झाड असणं हे काही बरं नव्हे.

"आप नाम ले के आओ," मरियमबी म्हणाल्या, "कागज पे लिखा हुआ, कोई जानकार का बोला हुआ. हम फाइल में डाल देंगे, खलास. नहीं तो अगले गुरुवार को हमदुल्ला आके निकालेगा. चाय पियेंगे?"

विलासराव चहा न घेता उठले. त्यांच्या बाबतीत हे पहिल्यांदाच घडत होतं. जिना चढताना ते स्वतःशीच पुटपुटत होते, "ह्या वर्षात नोकरी नेली, गाडी नेली, आता झाड? हे नाही नेऊ देणार. च्यायला, हे नाही!"

नाव शोधायचं म्हटल्यावर मराठी माणूस पहिल्यांदा काय करतो? मंडळात विचारतो. मंडळात सदानंद मिराशी होते. एके काळी बॉटनी घेऊन बीएस्सी, मग जन्मभर बँकेत नोकरी, त्यामुळे बॉटनी न वापरता जशीच्या तशी शिल्लक. सदानंदराव आले, दोन्ही हात पाठीमागे बांधून कुंडीभोवती जमेल तेवढं फिरले, एक फूल हुंगलं, डोळे मिटले आणि म्हणाले, "सोनकी!"

"म्हणजे?"

"सोनकी हो! पावसाळा सरता सरता सह्याद्रीचे उतारच्या उतार पिवळे करते ती. अस्सल आपली! पोंक्षे, तुमच्या बाल्कनीत सह्याद्री उगवलाय."

विलासरावांना भरून आलं. खोटं कशाला सांगा, वीणाताईंनाही आलं. नववीतली अस्मी, जन्म इथलाच, एवढंच म्हणाली, "बट बाबा, हाउ डिड सह्याद्री कम हिअर?" सदानंदरावांनी तिच्याकडे दयाळूपणे पाहिलं आणि घरी जाऊन मंडळाच्या सगळ्या सभासदांना ईमेल धाडलं.

शुक्रवारी सुट्टी. सकाळपासून दर्शनाला रांग. दुबईच्या टोकाच्या डिस्कव्हरी गार्डन्सहून आले, इंटरनॅशनल सिटीहून गाड्या भरून आले. येताना कुणी चिवडा आणला, कुणी मुलं आणली. साताऱ्याच्या एक बाई कुंडीसमोर बसून खरोखरच रडल्या. एका गृहस्थांनी हळदकुंकू वाहिलं. सदानंदराव खुर्चीत बसून सोनकीवर बोलत होते, आणि बोलता बोलता त्यांनी एक चांगली भरघोस दांडी कट्‌कन मोडली आणि "नमुना" म्हणून पुस्तकात घातली. विलासरावांच्या काळजात चर्र झालं, पण जाणकाराला बोलायचं कसं? दुपारपर्यंत सत्तर कप चहा झाला होता आणि दूध आणायला विलासराव तीनदा खाली गेले होते. हमदुल्लानं विचारलं, "साब, घर में शादी?"

भिंतीपलीकडे उपेंद्र शिंकत होता. एक नाही, दोन नाही, ओळीनं. शिंकून झालं की मुद्दाम मोठ्यानं म्हणायचा, "ह्या झाडामुळे! गाजर गवत आहे ते! अ‍ॅलर्जी होते!" इकडे पंधरा माणसं सह्याद्रीपुढे हात जोडून उभी आणि तिकडे हा शिंका देतोय.

संध्याकाळी मंडळी पांगली. अस्मीनं कॉम्प्युटरवर सोनकीचे फोटो काढून बाबांना दाखवले. सोनकीची फुलं म्हणजे छोटी सूर्यफुलंच, चांगल्या ऐसपैस पाकळ्यांची. कुंडीतली फुलं तर मोहरीहून थोडी मोठी.

"बाबा, दॅट्स नॉट इव्हन क्लोज."

सदानंदरावांना फोन केला. ते म्हणाले, "परदेशात आलं की माणूससुद्धा बदलतो, पोंक्षे. हे तर झाड!" पण तसं लिहून सही करून द्याल का म्हटल्यावर त्यांना दुसऱ्या फोनवर कुणीतरी बोलावलं.

मग सल्ल्यांचा पूर आला. चौथ्या मजल्यावरचे म्हणाले, शोभेचं गवत आहे. वीणाताईंच्या भिशीतल्या एकीनं सांगितलं की मधुमेहावर ह्याचा काढा देतात, तिच्या सासऱ्यांना दिला होता. ते आता कसे आहेत विचारलं, तर ते वारले होते. आणि सगळ्यांच्या बोलण्याचा शेवट ठरलेला. सोडून द्या हो, विलासराव. झाडच आहे. दुसरं आणा.

"दुसरं आणा!" विलासराव वीणाताईंवर ओरडले, जणू त्याच म्हणाल्या होत्या. "मलाही असंच म्हणाले असतील ना? पोंक्षेच आहे, दुसरा आणा!"

वीणाताईंनी पोळीवर जरा जास्त तूप घातलं.

सोमवारी विलासरावांनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि झाडाची एक छोटी फांदी ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून एका सरकारी खात्याकडे निघाले. मेट्रो तेव्हा नवी कोरी. शेजारच्या सीटवरच्या बाईनं विचारलं, हे काय? विलासराव म्हणाले, "सॅम्पल." ते वर्ष स्वाइन फ्लूचं होतं. बाई उठली, तिच्या शेजारचा उठला, आणि विलासराव अख्ख्या बाकावर एकटे ऐसपैस बसून गेले. पुढे कित्येक महिने ते ह्या प्रवासाची तारीफ करत.

काउंटरवर एक तरुण अरब मुलगी होती, अतिशय नम्र. तिनं इंग्रजीत विचारलं, झाडाचा प्रकार?

विलासराव म्हणाले, तेच विचारायला आलोय.

ती म्हणाली, प्रकार भरल्याशिवाय कॉम्प्युटर पुढच्या पानावर जात नाही. बरं, बाहेरून आणलेलं की इथलं?

तेही माहीत नाही. आपोआप आलं.

आपोआप असा पर्याय नाही, ती दिलगिरीनं म्हणाली. मग तिनं फांदी हातात घेतली, फुलांकडे पाहून हसली, आणि विचारलं, तुम्ही इथे किती वर्षं आहात?

चौदा.

आणि हे?

चार-पाच महिने असतील.

मग दोघांपैकी कुणालाच इथलं म्हणून लिहिता येणार नाही, असं म्हणून ती पुन्हा हसली. तिच्या बोलण्यात काही खोट नव्हती. नियम तो नियम. तिनं दुसऱ्या काउंटरवर पाठवलं, दुसऱ्यानं तिसऱ्यावर, आणि तिसऱ्यानं सांगितलं की झाडाचं नाव आणलंत तर झाडाचं नाव सांगणाऱ्या विभागाकडे अर्ज करता येईल. इन्शाल्ला, महिन्याभरात उत्तर येईल. विलासराव परतीच्या मेट्रोत पुन्हा "सॅम्पल" म्हणाले, तेवढाच काय तो फायदा.

आल्यावर बघतात तर कोचावर अस्मी, मांडीवर लॅपटॉप. तिनं शनिवारीच फोटो एका अमेरिकन रानफुलांच्या फोरमवर टाकले होते, आणि डॉरथी नावाच्या कुणा व्हर्माँटच्या आजींचं उत्तर आलं होतं. आजींनी उत्तर दिलं नव्हतं, प्रश्नच विचारले होते. पानं समोरासमोर आहेत की एकाआड एक? फुलं शेंड्याला तुऱ्यासारखी आहेत की पानांच्या काखेत? दांडी गुळगुळीत आहे का, तिच्यावर निळसर-जांभळी भुकटी आहे का, आणि बोटानं पुसली तर जाते का?

पोंक्ष्यांचं अख्खं घर बाल्कनीत. विलासरावांच्या हातात वर्तमानपत्र वाचायचं भिंग, अस्मीच्या हातात कॅमेरा, वीणाताईंच्या हातात टॉर्च.

"एकाआड एक! लिही, एकाआड एक!"

"अहो, जपून. पान तुटेल."

"काखेत! फुलं काखेतच आहेत. लिहिलंस का? आता ती भुकटी..." विलासरावांनी दांडीवरून हलकेच बोट फिरवलं. बोटावर निळसर पूड आली आणि दांडीवर हिरवी रेघ उमटली. "जाते! वीणा, पुसली जाते!"

भिंतीपलीकडून एक शिंक आली. "तुझा एसी साफ करून घे!" विलासराव गरजले. फेब्रुवारीनंतर उपेंद्राशी ते बोललेले हे पहिले शब्द.

"दीडशे दिरहॅम घेतात!" पलीकडून उत्तर आलं. "जवळजवळ दोन हजार रुपये!" तेवढ्यात आपण बोलत नाही हे दोघांनाही आठवलं.

बुधवारी डॉरथीआजींचा निकाल आला. गोल्डनरॉड. त्यातही बागेतलं तुरेवालं नाही, रानातलं, झाडांच्या सावलीत वाढणारं, दांडीभर फुलणारं. अमेरिकेच्या पूर्वेकडच्या जंगलांचं मूळ रहिवासी. ह्याच्यामुळे शिंका येतात असा लोकांचा समज आहे, पण तो साफ खोटा. त्याच सुमाराला फुलणारं रॅगवीड वेगळंच असतं, आळ बिचाऱ्या गोल्डनरॉडवर येतो. आणि शेवटी आजींनी विचारलं होतं, की दुबईतल्या कुठल्या जंगलात सापडलं तुम्हाला?

विलासरावांनी बाल्कनीतून बाहेर पाहिलं. समोर डिश अँटेना, चड्ड्या वाळत घातलेल्या दोऱ्या, आणि सहा महिने बंद पडलेली क्रेन. "लिही," ते अस्मीला म्हणाले, "अल मनखूलच्या."

"बाबा, शी ऑल्सो सेज फ्लोरिस्ट्स यूज इट. इन बुकेज. अ‍ॅज फिलर."

स्वयंपाकघरात काहीतरी पडलं. वीणाताई दारात आल्या, हात पदराला पुसत.

"अहो," त्या म्हणाल्या, "रागावू नका. तुम्ही फेकून दे म्हणाला होतात ना, तो बुके... मी फेकला नव्हता."

"म्हणजे?"

"मला त्याचं तोंडही बघवत नव्हतं. पण फुलं होती हो ती! कचऱ्यात कशी टाकू? निर्माल्याबरोबर कुंडीत पुरली. गुलाब, पिवळी, सगळी. वरून माती लोटली."

विलासराव खाली बसले. कुंडीकडे बघत राहिले. फेब्रुवारीत त्यांच्या हातात ठेवलेला तो बुके, त्या टाळ्या, "ऑलवेज बी व्हॅल्यूड", आणि आज दांडीभर पिवळं. संतापावं की हसावं हे त्यांना कळेना.

"मग आता तर बिलकुल नाही काढू देणार," ते म्हणाले.

गुरुवारी संध्याकाळी मरियमबी स्वतः वर आल्या. मागे हमदुल्ला, हातात खुरपं, चेहरा अपराधी. भिंतीपलीकडे उपेंद्र नाकाला रुमाल लावून हजर. विलासरावांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. त्यांनी कागद पुढे केला: झाडाचं नाव, मूळ प्रांत, डॉरथीआजींचा निर्वाळा, खाली अस्मीनं छापलेला फोटो.

"माशाल्ला," मरियमबी म्हणाल्या. "अमरीकन है. पर आया कहां से? ये भी तो लिखना पड़ता."

विलासरावांनी ह्याच क्षणासाठी शर्टाला इस्त्री केली होती. त्यांनी शांतपणे भिंतीपलीकडे बोट केलं. "इन्होंने दिया."

"मी?" उपेंद्राचा रुमाल खाली आला.

"तूच. फेब्रुवारीत, कंपनीतर्फे, सगळ्यांसमोर. हे तुझ्या बुकेतलं आहे, उपेंद्र. तूच दिलंस आणि तूच संशयवालं म्हणून तक्रार केलीस!"

उपेंद्रानं कुंडीकडे पाहिलं. मग त्याचा आवाज उतरला. "विलासराव, ते... ते फिलर होतं. त्या आठवड्यात बुके फार लागले. वरून सांगितलं, खर्च कमी करा. मग मीच फुलवाल्याला म्हटलं, गुलाब दोन घाल, आणि बाकी हे पिवळं भर."

मग विलासराव हसले. आधी नाकातून, मग पोटातून, मग भिंतीला धरून. वर्षभरात पहिल्यांदा हसले, आणि हसता हसता डोळे पुसायला लागले. वीणाताई हसल्या. काही न कळता हमदुल्ला हसला.

"दोन गुलाब! वीणा, गुलाब दोनच होते! आणि गेले दोन्ही कुजून! कंपनीची कॉस्ट कटिंग फुलली बघ माझ्या दारात!" ते मरियमबींकडे वळले. "लिखो मॅडम. कंपनी का गिफ्ट."

मरियमबींनी लिहिलं. "गिफ्ट है तो गिफ्ट है. खलास." आणि हमदुल्लाचं खुरपं परत खाली गेलं. उपेंद्र केव्हा आत निघून गेला, कुणाला कळलंही नाही.

नोव्हेंबर संपता संपता पेपरांत ती मोठी बातमी आली, दुबईतल्या मोठमोठ्या कंपन्या कर्ज फेडायला मुदत मागायला लागल्या, आणि जे तगले होते तेही गुपचूप नवी नोकरी शोधू लागले. फुलं सुकली, त्यांच्या कापसासारख्या उडत्या म्हाताऱ्या झाल्या, पण कुंडीत खालून नवे कोंब आले. लिफ्टमध्ये विलासराव आणि उपेंद्र पुन्हा नोटिसा वाचू लागले, फक्त आता अधूनमधून एकमेकांकडे बघत.

जानेवारीतल्या एका दुपारी वीणाताई बाल्कनीतून आत आल्या आणि हळूच म्हणाल्या, "अहो, उपेंद्र घरी आलाय. वर्किंग डेला. एका खोक्यात ऑफिसातले कपबिप घेऊन नुसता बसलाय बाल्कनीत."

विलासराव समजले. त्यांनी पेपर ठेवला. तुपाचा रिकामा डबा घेतला, त्याला खिळ्यानं तळाला भोकं पाडली. मग कुंडीपाशी बसून, जन्मभर केलं नसेल एवढ्या हळुवार हातानं, मुळाशी फुटलेला एक जाडजूड कोंब मातीसकट वेगळा केला आणि डब्यात लावला. भिंतीपाशी गेले.

"बुके दिला का रे तुला?"

उपेंद्रानं नकारार्थी मान हलवली. "बुके बंद केले. ईमेल आलं." खोक्यातला कप त्यानं उगाच सरळ केला. "विलासराव, सकाळपासून चार फोन आले. सगळे म्हणतायत, सोडून दे, परत जा."

"म्हणतात. फुकट असतं ना." विलासरावांनी डबा भिंतीवर ठेवला. "हे घे. कंपनीनं नाही दिला तर नाही दिला. आमच्यातर्फे. आणि फिलर म्हणायचं नाही त्याला, नाव आहे त्याला."

उपेंद्रानं दोन्ही हातांनी डबा उचलला, काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि जोरात शिंकला.

"ह्याच्यानं नाही," विलासराव म्हणाले. "आधी तो एसी साफ करून घे. त्याच्याच पाण्यावर जगायचंय त्याला. आणि इथेच राहायचंय."